दोन मेंग आणि एक खुर्ची

राष्ट्रीय पोलीस दलाला महासंचालक असावाच लागतो, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. तो कसा असावा याबद्दलही नाही. तो झालेला असावा. होण्यापूर्वी माणसात जे दोष दिसतात ते झाल्यावर दिसत नाहीत, आणि नाही झाला तर होते ते गुणही दिसेनासे होतात. म्हणून आमच्याकडे लायकी नेमणुकीच्या आधी तपासत नाहीत. तेच काम उगाच दोनदा करावे लागते.

मी मुख्यालयाच्या समारंभ शाखेत निरीक्षक आहे. प्यो हे माझे आडनाव. (पहिले नाव शाखेत कोणाला ठाऊक नाही. समारंभात त्याची गरज पडत नाही.) नव्या साहेबांना टोपी देणे, जुन्या साहेबांकडून टोपी परत घेणे आणि या दोन टोप्यांच्या मधल्या काळात दलाचे मनोधैर्य टिकवून धरणे, हे आमच्या शाखेचे काम. चोर पकडण्याचे काम दुसऱ्या शाखा करतात, असे ऐकून आहे.

त्या हिवाळ्यात मागचे महासंचालक प्रकृतीच्या कारणास्तव पायउतार झाले. प्रकृती ठणठणीत होती. पण ती मंत्रिसाहेबांच्या प्रकृतीला मानवेना. खुर्ची रिकामी झाली आणि मुख्यालयाच्या सहा मजल्यांवर त्या दिवसापासून कोणी कोणत्याच कागदावर सही केली नाही. नवे साहेब डावखुरे निघाले तर सही कुठल्या कोपऱ्यात करायची, हा प्रश्न होता.

आता कुंड्यांविषयी सांगितले पाहिजे. कोणाची बढती झाली की त्याला ऑर्किडची कुंडी पाठवायची, हा आमच्याकडचा जुना रिवाज. कुंडीला गुलाबी फीत असते. फितीच्या एका पदरावर ‘पदोन्नतीबद्दल हार्दिक अभिनंदन’ आणि दुसऱ्यावर पाठवणाऱ्याचे नाव. कुंडी ठेवताना हा दुसरा पदर पुढे येईल अशी ठेवतात. फुलाकडे कोणी पाहत नाही. नेमणूक जाहीर झाल्यावर सावकाश पोचलेल्या कुंडीला सौजन्य म्हणतात. जाहीर होताच पोचली तर ती निष्ठा, आणि जाहीर होण्याआधी पोचली तर दूरदृष्टी. दूरदृष्टीला पुढे चांगला प्रांत मिळतो.

या साऱ्या कुंड्या मुख्यालयासमोरच्या योम सुन-जा यांच्या दुकानातून जातात. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. दलातली नवी नेमणूक कोणाची, हे विचारायला वार्ताहर आधी मावशींना फोन करतात, मग मंत्रालयाला. मंत्रालयही मधून मधून मावशींनाच विचारते.

या वेळी मात्र विचारण्याचे काही कारणच नव्हते. उपमहासंचालक मेंग ग्वान-सू यांचे नाव पक्के होते. ते मंत्रिसाहेबांच्या शाळेचे आणि त्यांच्याच प्रांतातले. शिवाय गेली तीन दशके दर रविवारी कोणत्या ना कोणत्या वरिष्ठाच्या मागून डोंगर चढत आलेले. त्यात त्यांचा उजवा गुडघा कायमचा कामातून गेला होता. वरिष्ठांच्या अर्धे पाऊल मागेच राहायचे असल्यामुळे ते लंगडणे कोणाच्या लक्षात आले नव्हते एवढेच. मेंग साहेबांना सोयाबीनच्या रसातल्या थंड शेवया आवडतात, असे कळल्यापासून कँटीनने ऐन थंडीत रोज त्याच ठेवल्या होत्या. सारे मुख्यालय आठवडाभर निष्ठेने शिंकत होते.

याच सुमारास दक्षिण प्रांताचे पोलीसप्रमुख र्यू यांनी मावशींना फोन केला. र्यू साहेबांची दलात ख्याती अशी की ते आजवर चुकीच्या माणसापुढे वाकलेले नाहीत. वाकण्यापूर्वी ते दहा ठिकाणी चौकशी करतात. पण एकदा वाकले की तो माणूस वर गेलाच म्हणून समजावे.

“मावशी, एक कुंडी. दुकानातली सगळ्यात मोठी. मेंग ग्वान-सू साहेबांना.”

“आपल्याच मेंग साहेबांना?”

“आपल्याच म्हणजे? अहो, मेंग आडनावाचा माणूस देशात शोधून सापडत नाही, आणि तुम्हाला एका पोलीस दलात दोन-दोन मेंग ग्वान-सू हवेत?”

“बरं बरं, कानात ओरडू नका. आत्ता पाठवते.”

मावशींचेही चुकले असे मी म्हणणार नाही. उपमहासंचालकांनी स्वतः कधी फूल विकत घेतले नव्हते. त्यांची फुले कार्यालयाच्या नावाने जात. मावशींना मेंग ग्वान-सू या नावाचा एकच पोलीस माहीत होता. तो वर्षातून दोन-तीनदा स्वतः यायचा आणि पांढऱ्या शेवंतीचा लहानसा गुच्छ घेऊन जायचा. हे अधीक्षक मेंग ग्वान-सू. शहराच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी दलातल्या म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी ‘निवृत्त श्वान निवास’ आहे, त्याचे प्रमुख. एखादा कुत्रा गेला की ते त्याच्यावर शेवंती वाहत. (यापुढे उपमहासंचालकांना थोरले मेंग आणि श्वान निवासवाल्यांना धाकटे मेंग म्हणू. प्रत्यक्षात धाकटे दोन वर्षांनी मोठे होते. पण दलात वय पदावरून मोजतात.)

कुंडी पोचली तेव्हा धाकटे मेंग जेवून पायरीवर उन्हात डुलक्या काढत होते. शेजारी चोनदुंग नावाचा म्हातारा कुत्रा झोपला होता. चोनदुंगने सारी नोकरी विमानतळावर काढली होती. लपवून नेलेल्या नोटांचा वास आला की भुंकायचे नाही, गुपचूप त्या माणसाशेजारी जाऊन बसायचे, एवढेच त्याला शिकवलेले. तेवढे तो अजून विसरला नव्हता.

धाकट्या मेंग यांनी फितीचे दोन्ही पदर वाचले, फीत उलटून पुन्हा वाचले, आणि घरी फोन लावला.

“अगं, मला कुंडी आलीय. ऑर्किडची. पदोन्नतीबद्दल अभिनंदन म्हणून.”

“तुम्हाला?” त्यांच्या पत्नी ओक बुन-रे कोबीचे किमची लोणचे कालवत होत्या, त्या थांबल्या. “कुत्र्यांत बढती असते?”

“नसते.”

“मग?”

“चुकून आली असेल. परत पाठवतो.”

“खबरदार! एवढी वर्षं संसार केला, तुमच्याकडे कधी चुकूनसुद्धा काही आलं नाही. आता चुकून का होईना, आलंय तर राहू दे ना! फोटो काढा. पाठवणाऱ्याचं नाव दिसेल असा काढा. आणि फोटोत कुत्रा नको.”

फोटोत कुत्रा आलाच. बुन-रे बाईंनी तो फोटो आपल्या निवासी संकुलातल्या महिलांच्या गटावर टाकला. खाली लिहिले, “आमच्या ह्यांना सांगितलेलं आवडत नाही, म्हणून मी काहीच सांगत नाही.” गटात मुख्यालयातल्या लेखा अधिकाऱ्यांची सासू होती. संध्याकाळच्या चहापर्यंत तो फोटो सहाव्या मजल्यावर पोचला.

मुख्यालयाने यावर जो विचार केला तो मला आजही निर्दोष वाटतो. र्यू साहेबांनी श्वान निवासात कुंडी पाठवली आहे. र्यू साहेब चुकत नाहीत. ज्या अर्थी न चुकणारा माणूस चुकल्यासारखा दिसतो आहे, त्या अर्थी आपल्याला काही तरी ठाऊक नाही. आणि वरच्या मंडळींना ठाऊक असलेले आपल्याला ठाऊक नाही, असे चेहऱ्यावर दिसू देणे हा नोकरीतला सर्वांत मोठा गुन्हा. तेव्हा प्रत्येकाने “हं, म्हणजे बाहेर आलं तर शेवटी!” असे म्हणून आपापला फोन उचलला.

र्यू साहेबांना स्वतःला चूक त्याच दिवशी कळली होती. ते पांढरेफटक पडले, असे त्यांचा चालक सांगतो. पण तेवढ्यात पूर्वेच्या प्रमुखांचा फोन आला. “र्यू, मानलं बुवा तुम्हाला! आम्ही इथे उपमहासंचालकांच्या मागे डोंगर चढतोय आणि तुम्ही खाली कुत्र्यांत बसलेला हिरा हेरलात!” पुढे पश्चिमेचा, मग किनारपट्टीचा. चौथ्या फोनला र्यू साहेबांच्या तोंडावर रंग परत आला. “मी उगाच कुंडी पाठवत नाही,” ते म्हणाले. हे वाक्य खरे होते. ते आजवर उगाच काहीच करत नसत.

दुसऱ्या दिवशी श्वान निवासात कुंड्यांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांना उभे राहायला जागा उरली नाही. चोनदुंगने किनारपट्टीच्या प्रमुखांची कुंडी अर्धी खाल्ली. समारंभ शाखेच्या अंदाजानुसार, कुंड्या पाठवणाऱ्यांपैकी सत्त्याण्णव टक्के लोकांनी धाकट्या मेंग यांना कधी पाहिलेले नव्हते. उरलेले तीन टक्के आपण पाहिले आहे असे म्हणत होते.

धाकट्या मेंग यांनी कुंड्या परत पाठवून पाहिल्या. ज्यांना परत गेल्या ते घाबरले. एक कमी पडली वाटते, असे म्हणून त्यांनी दोन-दोन पाठवल्या. मग धाकट्या मेंग यांनी परत पाठवणे बंद केले. एका वार्ताहराला त्यांनी सांगून टाकले, “अहो, मी तो नाही. मी साधा कुत्र्यांचं बघणारा आहे.” दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा झळकला : ‘मी साधा माणूस : मेंग’. आत लेख होता. त्यात म्हटले होते, गटबाजीपासून दूर राहण्यासाठी हा अधिकारी मुद्दाम इतकी वर्षे कुत्र्यांत राहिला, आणि माणसांपेक्षा कुत्रे बरे, हे ओळखण्याइतकी प्रशासनाची जाण सध्या दुसऱ्या कोणात आहे?

मी या काळात थोरल्या मेंग यांच्याकडे टोपीचे माप घ्यायला गेलो. ते काम ठरलेले होते आणि रद्द झाल्याचा आदेश नव्हता. साहेब खिडकीपाशी उभे होते. नव्या कुंड्या ठेवण्यासाठी खोलीतल्या तिन्ही टेबलांवरचे कागद हलवून ठेवलेले. टेबले स्वच्छ, रिकामी.

“प्यो, मावशींची मोटारसायकल आपल्या फाटकात का वळत नाही रे आज?”

“उत्तरेकडे जातेय, साहेब.”

“उत्तरेला काय आहे?”

“डोंगर आहे, साहेब. आणि कुत्री.”

साहेबांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

“राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडून?”

“सकाळीच गेल्या. दोन.”

“आणि मंत्रिसाहेब? अरे, आम्ही एका शाळेचे!”

“त्यांच्याकडे नियमच आहे, साहेब. बातमी छापून आली की कुंडी आपोआप जाते.” (बातमी खरी असावी, अशी अट त्या नियमात नाही.)

साहेब खुर्चीत बसले आणि उजवा गुडघा दाबू लागले. दुसऱ्यादेखत तो दाबताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो. “तीस वर्षं रे, प्यो. एका रविवारी बायकोला बाजारात नेलं नाही. वडिलांच्या वर्षश्राद्धालासुद्धा आधी डोंगर केला, मग घरी गेलो.” मग मान वर करून म्हणाले, “र्यूची गेली, मंत्र्यांची गेली. आपलीच राहिली, असं कशाला बोलणं यायला पाहिजे? लाव मावशींना.”

मी फोन लावून दिला. मावशींचा आवाज नेहमीच मोठा, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू आल्या.

“पाठवणार मेंग ग्वान-सू, घेणार मेंग ग्वान-सू. साहेब, असंच लिहू फितीवर?”

“असंच लिहा.”

“स्वतःच स्वतःचं अभिनंदन केल्यासारखं दिसेल हो.”

“दिसू द्या. दुसरं कोणी करत नाहीये.”

फोन ठेवल्यावर मावशींच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दुकान उघडे टाकून, हातातल्या कात्रीसकट माझ्याकडे धावत आल्या.

“अरे प्यो, मेले रे मी, दोन मेंग आहेत! मी भलत्याच मेंगला पाठवली पहिली कुंडी. मी आत्ता जाते आणि मंत्र्याला सांगते.”

“काय सांगाल, मावशी?”

“चूक झाली म्हणून!”

“कोणाची? तुमची एकटीची असती तर चूक. यात आता राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय आहे, मंत्रालय आहे, सगळे प्रांत आहेत. एवढ्या मोठ्या माणसांकडून एकाच वेळी जे होतं त्याला चूक म्हणत नाहीत, धोरण म्हणतात.”

मावशींनी कात्रीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “आणि तो बिचारा वरचा?”

“त्यांनी स्वतःच कुंडी पाठवलीय.”

“तेही खरंच,” असे म्हणून त्या डोळे पुसत दुकानात गेल्या. तिथे ग्राहक खोळंबले होते.

मंत्रालयात काय झाले, ते मला मंत्रिसाहेबांचे सचिव गिल यांनी नंतर जेवताना सांगितले. मंत्रिसाहेब संतापले होते. कुठला कोण हा कुत्रेवाला! प्रस्ताव तयार होता, सही तेवढी बाकी होती, आणि लोकांनी परस्पर महासंचालक नेमून टाकला? गिल यांनी त्यांना थोडे पाणी दिले.

“साहेब, एक गोष्ट चांगली आहे. प्रस्तावात ‘मेंग ग्वान-सू यांची नेमणूक करण्यात यावी’ एवढंच आहे. कागद बदलायला नको. फक्त माणूस बदलायचा.”

“पण माझा मेंग...”

“तुमच्या शाळेचे पुढेही खूप मिळतील, साहेब. आज तुमच्या मेंगला नेमलं, तर कुंड्या पाठवणारे सगळे मूर्ख ठरतात. त्यात राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय आलं. आपणही आलो. आणि तुमच्या मेंगनीही लेखी पाठिंबा दिलाय.”

“लेखी? कुठे?”

“फितीवर.”

मंत्रिसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “बोलवा त्या कुत्रेवाल्याला.”

धाकटे मेंग निघाले ते खरे सांगून टाकायचे, असे ठरवूनच. आदल्या संध्याकाळी त्यांनी पत्नीलाही तसे सांगितले होते. बुन-रे बाई भांडतील अशी त्यांची अपेक्षा होती. त्या भांडल्या नाहीत. ताटातली भाजी इकडची तिकडे करत म्हणाल्या, “सांगा. खरं आहे ते सांगायलाच पाहिजे. मला एवढंच वाटत होतं, आपल्या दारात एकदा काळी गाडी उभी राहावी. चालकानं दार उघडावं. सातव्या मजल्यावरच्या बाईनं गॅलरीतून बघावं. एकदाच हो. मग दुसऱ्या दिवशी काढून घेतली असती तरी चाललं असतं.” धाकट्या मेंग यांना त्या रात्री झोप आली नाही. त्यांच्या बाबतीत ही बातमीच म्हणायची.

मंत्रालयात ते गणवेशावरचे केस झटकत उभे राहिले. मी टोपी घेऊन दाराशी होतो. (या वेळी दोन मापांच्या नेल्या होत्या.)

“साहेब, मी तो नाही,” ते म्हणाले.

मंत्रिसाहेबांनी गिल यांच्याकडे पाहिले. “ऐकलंत? माझ्याकडे आजवर जो आला तो ‘मीच तो’ म्हणत आला.”

“साहेब, मला कुत्र्यांशिवाय काही येत नाही.”

“विनम्रता,” गिल म्हणाले.

“खरंच काही येत नाही हो! शेवटचा चोर मी पकडला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. तोही स्वतःच चालत आला होता.”

“स्पष्टवक्तेपणा.”

“दुपारी जेवलो की मला झोप लागते.”

“मनःशांती,” मंत्रिसाहेब उठून उभे राहत म्हणाले. “मागच्यांना गोळ्या घेऊनसुद्धा लागत नव्हती.”

धाकट्या मेंग यांनी आणखी एकदा तोंड उघडले. पण मंत्रिसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला होता, छायाचित्रकार आत आले होते, आणि खाली काळी गाडी लागल्याचे कोणी तरी येऊन सांगितले. धाकट्या मेंग यांनी तोंड मिटले. मी जवळ होतो म्हणून सांगतो, मिटण्यापूर्वी त्यांनी विचारले ते फक्त एवढेच : “घरापर्यंत जाते का ती?”

आता एक तांत्रिक अडचण होती. अधीक्षकाला एकदम महासंचालक करता येत नाही. मध्ये तीन पदे आहेत. नियम मोडायचा नाही हे ठरलेले, तेव्हा सगळे नियम एका सकाळी पाळायचे ठरले. समारंभ शाखेच्या इतिहासात ती सकाळ सोन्याच्या अक्षरांनी लिहिली गेली आहे. मी एका पदाची चिन्हे खांद्यावर लावायची, बँडने राष्ट्रगीत वाजवायचे, धाकट्या मेंग यांनी शेजारच्या खोलीत जाऊन त्या पदावर ‘प्रत्यक्ष सेवा’ करायची (एक चहा, एक सही), आणि परत यायचे. मग चिन्हे काढायची, पुढची लावायची. प्रत्येक बढतीला खालच्या पदावरच्या कामगिरीचा गोपनीय अहवाल लागतो, आणि तो वरच्या पदावरच्याने लिहायचा असतो. तेव्हा वर गेल्यावर त्यांनी आपल्या खालच्या पदावरच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केले. एकदा मात्र ‘अधिक अनुभवाची गरज’ असा शेरा मारला. ते प्रामाणिक होते, हे मंत्रालयातही दिसले होते. तिसऱ्या चहानंतर महासंचालक होण्यास थोडा विलंब झाला, कारण प्रसाधनगृह दुसऱ्या टोकाला होते.

बुन-रे बाई पहिल्या रांगेत होत्या. श्वान निवासाचा प्रतिनिधी म्हणून चोनदुंगलाही आणले होते. त्याच्या गळ्यात गुलाबी फीत होती. समारंभ संपत आला तेव्हा त्याचा पट्टा सुटला. तो मान्यवरांच्या रांगेपाशी गेला, नाक वर केले, आणि पहिल्या मान्यवरांशेजारी गुपचूप बसला. मग उठला आणि दुसऱ्यांच्या शेजारी बसला. मग तिसऱ्यांच्या. असा तो खुर्चीगणिक उठत-बसत रांगेच्या मध्यापर्यंत गेला, तिथे दमून आडवा झाला आणि सगळ्यांकडे एकदम पाहून त्याने डोळे मिटले. धाकटे मेंग एकटेच ओळखून चुकले. त्यांचा हात सलामीसाठी वर गेला होता तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी लिहिले : ‘मुक्या प्राण्याची प्रत्येक मान्यवराला मानवंदना’.

थोरल्या मेंग यांनी समारंभ संपताच बदलीचा अर्ज दिला. जागा कोणती हवी या रकान्यात ‘श्वान निवास’ लिहिले. सरकारला वाटले, साहेब रुसले. अर्ज घाईघाईने मंजूर झाला. मी महिन्याभराने त्यांना भेटायला गेलो, तर पायरीवर उन्हात पाय पसरून, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी मुळे सोलत होत्या. रविवार होता. समोर डोंगर होता. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली होती.

नव्या महासंचालकांचे सुरुवातीचे दिवस कठीण गेले. रोज संध्याकाळी ते मला आत बोलवायचे आणि दार लावून विचारायचे, “प्यो, आज कोणी विचारलं का?”

“काय, साहेब?”

“हेच. मी तो नाही म्हणून.”

“नाही, साहेब.”

ते सुस्कारा सोडायचे. पुढे आठवड्यातून एकदाच विचारू लागले. मग तेही थांबले. दुपारच्या जेवणानंतर सर्व शाखांनी ‘आत्मचिंतन’ करावे, असे परिपत्रक निघाले. त्याचे पालन दलाच्या इतिहासात प्रथमच शंभर टक्के झाले. वसंत आला तोवर साहेबांचा आवाज खर्जात गेला होता, आणि कँटीनमध्ये रोज त्यांच्या आवडीची वाटाण्याची लापशी असायची. रविवारी त्यांच्या मागून श्वान निवासाच्या रस्त्याने फिरायला जाणाऱ्यांची रांग फाटकापासून लागू लागली. त्यात र्यू साहेब सर्वांत पुढे असत, अर्धे पाऊल मागे.

एकदा नव्या उमेदवारांच्या तुकडीपुढे साहेबांचे भाषण होते. “लोक म्हणतात, नशीब,” ते म्हणाले. “मी म्हणतो, तयारी. मला पहिल्यापासून कल्पना होती.” नंतर गाडीकडे जाताना मी हसत म्हणालो, “साहेब, त्या पहिल्या चुकीच्या कुंडीची आठवण झाली की अजून मजा वाटते.”

साहेब थांबले. माझ्याकडे पाहिले. त्यांना माझे नाव आठवत नसावे, असे वाटले.

“कसली चूक?” ते म्हणाले.

मी गाडीचे दार उघडले. मी समारंभ शाखेचा माणूस आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसते तो मला लगेच ओळखू येतो.

नंतर हा सगळा प्रकार मी एका परदेशी पाहुण्याला सांगितला. गृहस्थ शेवटपर्यंत पोट धरून हसले आणि मग भाबडेपणाने म्हणाले, “ते असू द्या, पण या सगळ्या दिवसांत चोऱ्या किती झाल्या? लोकांच्या तक्रारींचं काय झालं?”

मी थक्क झालो. जुने साहेब गेल्यापासून नवे साहेब बसेपर्यंत हा प्रश्न मंत्रिसाहेबांनी विचारला नव्हता, वृत्तपत्रांनी विचारला नव्हता, दोन्ही मेंगांनी विचारला नव्हता. आणि वाचकहो, राग मानू नका, इतका वेळ इथे बसून तुम्हीही विचारला नाहीत. खुर्ची कुठल्या मेंगला मिळते, एवढेच तुम्ही डोळ्यांत तेल घालून पाहत होता. पाहुणे बाहेरचे होते, त्यांना क्षमा आहे. तुम्हाला मात्र पोलीस दलाचे मर्म बरोबर कळले आहे. निवड समितीवर माणसे घेताना आम्ही याहून वेगळी पात्रता पाहत नाही.